परदेशचा पशुवैद्य आणि आपल्या दारचे कुत्रे

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत राहिले आणि १९४२ साली तिथेच वारले. ही गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. माणसांचा डॉक्टर परक्या मुलखात सेवेला जातो, यात आपल्याला नवल वाटत नाही. परंतु गुरांचा डॉक्टर, म्हणजे पशुवैद्य, स्वतःच्या खिशातून भाडे खर्चून परदेशी जातो आणि तिथल्या उकिरड्यावरच्या कुत्र्यांना सुया टोचत हिंडतो असे सांगितले, तर आपण लगेच विचारतो : का हो? त्याच्या गावात कुत्री नाहीत काय?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यावे म्हणूनच आजचा हा विषय घेतला आहे. मी काही पशुवैद्य नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पण या विषयात जनावर, माणूस आणि पैसा अशा तिन्हींचा हिशेब एकत्र येतो, आणि तो हिशेब समजून घेण्याजोगा आहे. शिवाय उदाहरणासाठी फार लांब जायला नको. आपल्या शेजारी, गोव्यातच ते घडले आहे.

आधी रोगाविषयी दोन शब्द. पिसाळलेले कुत्रे चावले म्हणजे जो रोग होतो त्याला आपल्याकडे जुने वैद्य अलर्क म्हणत. आज आपण इंग्रजी नावाने रेबीज म्हणतो. हा विषाणूचा रोग. विषाणू रोगी जनावराच्या लाळेत असतो आणि चावल्याच्या जखमेतून शरीरात शिरतो. तो रक्तातून धावत नाही; मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, कधी वर्षही. चेहऱ्याला किंवा हाताला चावले तर मेंदूची वाट जवळची, म्हणून धोका अधिक. एकदा तो मेंदूत पोचला, रोग्याला पाण्याचे भय वाटू लागले, की मग जवळजवळ काहीच उपाय उरत नाही. मात्र विषाणू वाटेत आहे तोवर लस टोचली, तर माणूस हमखास म्हणावा इतका वाचतो. चावणे आणि लक्षणे दिसणे यांमधले जे दिवस, तेवढीच काय ती आपली मुदत.

ही मुदत वापरता येते हे लुई पाश्चर यांनी १८८५ सालच्या जुलै महिन्यात दाखवून दिले. जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांनी लस दिली आणि तो वाचला. म्हणजे औषध सापडून एक शतक उलटून कितीतरी वर्षे झाली. तरीही जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जवळजवळ सगळी आशिया आणि आफ्रिका खंडांतली. चावणारे जनावर शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा कुत्रे. आणि मरणाऱ्यांत मुले फार. मूल कुत्र्याशी खेळायला जाते, उंचीने लहान असल्याने चावा तोंडावर-मानेवर बसतो, आणि घरी रागावतील म्हणून ते चावल्याचे सांगतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग माणसांनाच लस टोचा की! कुत्र्यांच्या मागे कशाला धावायचे?

इथेच पशुवैद्याचे काम सुरू होते. माणसाला लस द्यायची ती चावल्यानंतर. प्रत्येक चाव्याला तीन-चार खेपा दवाखान्याच्या, प्रत्येक खेपेला एस. टी.चे भाडे, बुडालेली मजुरी, आणि जखम खोल असेल तर महागडे इम्युनोग्लोब्युलिनही जखमेत भरावे लागते. एवढे करून रोग जिथल्या तिथेच राहतो, कारण तो माणसामाणसांत फिरत नाही. तो कुत्र्याकुत्र्यांत फिरतो. गळक्या छपराखाली घमेली मांडत बसावे तसा हा प्रकार. छप्पर शाकारायचे असेल, तर लस कुत्र्याला द्यायला हवी.

किती कुत्र्यांना? सगळ्यांना देणे तर शक्य नाही. तज्ज्ञ सांगतात, शंभरातल्या सत्तरांना दरवर्षी द्या. हा सत्तरचा आकडा कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. पिसाळलेले एक कुत्रे मरण्यापूर्वी सरासरीने दोनाहून कमी कुत्र्यांना रोग देते, असे ठिकठिकाणच्या साथींच्या अभ्यासात दिसले आहे. म्हणजे गोवर किंवा देवीसारखा हा झपाट्याने पसरणारा रोग नव्हे. समजा, निम्म्या कुत्र्यांच्या अंगात लस आहे. मग त्या दोनाहून कमी कुत्र्यांपैकीही निम्मी बचावतील आणि पुढे रोग जाईल तो एकाहून कमी कुत्र्याला. एकाचे एक झाले तर साखळी चालू राहते. एकाचे एकाहूनही कमी झाले, की ती आपोआप तुटते.

मग पन्नास पुरे असताना सत्तर कशाला? कारण वाटेवरच्या कुत्र्याचे आयुष्य थोडे. गावात शंभर कुत्री आहेत आणि यंदा सत्तरांना लस दिली असे धरा. वर्षभरात तीस मेली आणि तीस नवी पिले आली, तर मेलेल्यांत एकवीस लस दिलेली असणार. म्हणजे वर्षाखेर उरली एकोणपन्नास. सत्तरपासून सुरुवात केली म्हणून वर्षाअखेर पन्नासाच्या आसपास राहिलो. पन्नासापासून केली असती तर पस्तिसावर आलो असतो. म्हणून सत्तर, आणि म्हणूनच दरवर्षी.

याच हिशेबातून दुसरीही गोष्ट उमजते. कुत्री मारून टाकली तर रोग जाईल असे पुष्कळांना वाटते. इंडोनेशियातल्या बाली बेटावर २००८ साली हा रोग शिरला, तेव्हा आधी तोच मार्ग धरला गेला. हजारो कुत्री मारली, तरी रोग पसरतच राहिला. कारण मारताना लस दिलेलेही मरते, मोकळ्या झालेल्या जागी बाहेरचे, लस न दिलेले येते, आणि लोक आपली कुत्री दुसऱ्या गावी नेऊन लपवतात. त्यांच्याबरोबर रोगही जातो. पुढे २०१० पासून बेटभर लस टोचण्याची मोहीम निघाली, तेव्हा रोगाला उतार पडू लागला.

आता आपण गोव्याकडे वळू. ब्रिटनमध्ये लूक गॅम्बल नावाचे एक पशुवैद्य आहेत. ज्या देशांत जनावरांना डॉक्टर मिळत नाही तिथे स्वयंसेवक पशुवैद्य आणि औषधे पाठवावीत, यासाठी त्यांनी ‘वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिस’ ही संस्था काढली. याच संस्थेने २०१३ साली ‘मिशन रेबीज’ ही मोहीम भारतात सुरू केली. आरंभी निरनिराळ्या शहरांत मिळून ५० हजार कुत्र्यांना लस द्यायची, एवढाच बेत होता. पुढे असे ठरले, की चार ठिकाणी थोडे थोडे करण्यापेक्षा एक अख्खे राज्य घ्यावे आणि रोग जातो की नाही ते पाहावे. राज्य निवडले ते गोवा. आकाराने लहान, २०११ च्या शिरगणतीप्रमाणे साडेचौदा लाख वस्तीचे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्री. गोवा सरकारने हातभार लावला आणि काम सुरू झाले.

काम कसे चालते, तेही सांगतो. लसीची बाटली दोन ते आठ अंश उष्णतेत ठेवावी लागते, म्हणून बर्फाची पेटी बरोबर. घरचे कुत्रे असेल तर धनी त्याला धरतो आणि डॉक्टर टोचतो. वाटेवरचे कुत्रे कोण धरणार? त्यासाठी लांब दांड्याला बांधलेली मोठी जाळी असते. धरणारे गडी इतके तरबेज, की कुत्रे जाळीत आले, सुई बसली, कपाळावर रंगाचा पट्टा ओढला आणि कुत्रे मोकळे, हे सारे बोलता बोलता उरकते. रंगाचा पट्टा हा हिशेबासाठी. मागाहून दुसरा माणूस त्याच वाडीतून फिरतो आणि रंगवलेली किती, बिनरंगाची किती हे मोजतो. शंभरात सत्तर भरली नाहीत, तर पथक पुन्हा त्या वाडीत जाते. प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइल फोनवर जागेसकट होते, त्यामुळे कुठली वाडी राहिली ते नकाशावर तत्काळ दिसते. गुरांची गणना करणाऱ्यांना या नकाशाचे मोल मी वेगळे सांगायला नको.

परदेशचे पाहुणे यात काय करतात? पशुवैद्य, पशुवैद्यकाचे विद्यार्थी, परिचारिका आणि कधी कधी निव्वळ प्राणिप्रेमी माणसे काही आठवड्यांसाठी येतात. प्रवासाचा खर्च स्वतःचा, वर मोहिमेलाही काही वर्गणी. येण्यापूर्वी स्वतःच्या दंडात रेबीजची लस घ्यावी लागते. इथे आल्यावर उन्हात दिवसभर पायपीट. मोबदला काय? एक तर अनुभव. ज्या देशांत हा रोग कुत्र्यांतून कधीच हद्दपार झाला आहे, तिथल्या तरुण पशुवैद्याने तो पुस्तकाबाहेर पाहिलेलाच नसतो. आणि दुसरे म्हणजे, आपल्या हातून एखाद्या अनोळखी मुलाचा जीव वाचला असेल, हे समाधान. कुठल्या मुलाचा, ते त्याला कधीच कळणार नाही. न झालेल्या रोगाची नोंद कुठे होत नसते.

पण वाचकहो, इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पाहुणा दोन आठवडे येतो आणि जातो. त्याला कोंकणी येत नाही, मराठी येत नाही. कुठल्या घरचे कुत्रे बांधलेले असते, कुठल्या देवळामागे कुत्रीने पिले घातली आहेत, हे त्याला ठाऊक नसते. दारात गोरा माणूस सुई घेऊन उभा राहिला तर घरची म्हातारी आधी दार लावून घेईल! तिच्याशी बोलायला गावचाच माणूस लागतो. आपल्याकडे कायदाही असा आहे, की नोंदणी झालेल्या पशुवैद्यानेच जनावरांवर उपचार करावेत. १९८४ सालचा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा त्यासाठीच आहे. तेव्हा परदेशचा डॉक्टर आला आणि मनास येईल तसे करू लागला, असे चालत नाही, आणि चालूही नये. गोव्यात वर्षाचे बाराही महिने काम केले ते इथल्याच पथकांनी. पाहुण्यांनी त्यांना बळ दिले, पैसा दिला, मोजण्याची पद्धत दिली. या संस्थेने निलगिरीच्या डोंगरांत आणि गोव्यात शिक्षणाची केंद्रेही चालवली आहेत. कुत्र्यांची नसबंदी स्वच्छ आणि सुखरूप कशी करावी हे तिथे तरुण पशुवैद्यांना हाताला धरून शिकवतात. पाहुणा गेला तरी त्याची विद्या मागे राहते, ती अशी. सेवा खरी की हौसेची हे ओळखायचे असेल, तर पाहुणा परतल्यावर गावात काय उरले ते पाहावे.

गोव्यात काय उरले, त्याचे आकडे २०२२ साली एका शास्त्रीय मासिकात प्रसिद्ध झाले. २०१३ ते २०१९ या काळात काम वाढत वाढत ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांपर्यंत पोचले आणि शंभरी सत्तरचे प्रमाण गाठले गेले. कुत्र्यांतला रोग महिन्याच्या हिशेबाने ९२ टक्क्यांनी उतरला. आणि माणसांचे मृत्यू थांबले. खर्च? मी अर्थशास्त्राचा माणूस, म्हणून हा आकडा मला मोलाचा वाटतो : निरोगी आयुष्याचे एक वर्ष वाचवायला सुमारे ५२६ डॉलर पडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने हा सौदा फार स्वस्त ठरतो. २०२१ साली गोव्याला रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर करण्यात आले.

म्हणजे लढाई संपली काय? नाही. गोव्याच्या सीमेला एका अंगाने आपला सिंधुदुर्ग जिल्हा लागतो, दुसऱ्या अंगाने बेळगाव आणि कारवारचा मुलूख. कुत्र्याला नाक्यावर पास दाखवावा लागत नाही! पलीकडून एक पिसाळलेले कुत्रे आले आणि अलीकडे लस कमी पडली, की साखळी पुन्हा जुळते. म्हणून शेजारचे गाव जागे असल्याखेरीज आपले गाव सुरक्षित नाही. केंद्र सरकारनेही कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत हटवण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ सालच्या २८ सप्टेंबरला जाहीर केला आहे. आराखडा दिल्लीत होतो. पण कुत्री आपल्या आळीत असतात.

आता शिक्षकमित्रांशी दोन शब्द. गोव्यात या मोहिमेची माणसे शाळाशाळांतून जाऊन दरवर्षी दीड लाख मुलांना धडा देत असत. हा धडा वीस मिनिटांचा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिले घातलेल्या कुत्र्याच्या वाटेला जायचे नाही. कुत्रे अंगावर आले तर पळायचे नाही; झाडासारखे निश्चल उभे राहायचे, हात अंगाशी, नजर जमिनीकडे. पडलोच तर दगडासारखे गोळा होऊन मान आणि तोंड हातांनी झाकायचे. आणि चावले, ओरखडले, जखमेला चाटले, तर त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचे. हे शेवटचे कलम मुलांकडून दहादा म्हणवून घ्या. आणि पालकसभेत पालकांनाही सांगा, की चावल्याचे सांगणाऱ्या मुलाला मारू नका. धाकाने गप्प बसलेले मूल आपली मुदत गमावून बसते.

शेतकरी मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे. कुत्रे, मांजर, मुंगूस कोणीही चावले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. तिखट, चुना, तेल, हळद काही भरायचे नाही. मंत्र घालणाऱ्याकडे जाण्यात दिवस घालवायचा नाही. थेट सरकारी दवाखाना गाठायचा आणि डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना लस घ्यायची. पहिली टोचली, बरे वाटले, म्हणून बाकीच्या सोडायच्या नाहीत. जुन्या माणसांच्या मनात पोटातल्या चौदा सुयांचे भय अजून आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता लस दंडात देतात, आणि ती सोसायला सोपी आहे. चावलेले कुत्रे दहा दिवस धडधाकट राहिले तर चिंता नाही हे खरे. पण दहा दिवस वाट पाहून मग लस घेऊ, असे करायचे नाही. लस आज, कुत्र्यावर नजर दहा दिवस.

आणखी एक. गाय-म्हैस लाळ गाळू लागली, गिळता येईना, घोगऱ्या आवाजात हंबरू लागली, तर घशात काहीतरी अडकले असे समजून तिच्या तोंडात हात घालण्याची आपल्याकडे रीत आहे. थांबा. हे पिसाळल्याचेही लक्षण असू शकते, आणि तुमच्या हाताला साधा ओरखडा असला तरी ती लाळ घातक. आधी पशुवैद्याला बोलवा. बैलाला, वासराला कुत्रे चावल्याचे दिसले तर हातमोजे घालून जखम साबणाने धुवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. चावलेल्या जनावरालाही लस देता येते.

राहता राहिला सुरुवातीचा प्रश्न : त्याच्या गावात कुत्री नाहीत काय? आहेत, पण त्यांच्यात हा रोग नाही, कारण त्याच्या देशाने आपले घर आधीच शाकारून घेतले. आता तो आपल्या छपरावर चढून चार कौले बसवून देतो आहे. त्याचे आभार मानावेत. पण शिडी धरायला आणि उरलेली कौले बसवायला आपणच हवे. या वर्षी आपल्या दारच्या कुत्र्याला लस टोचली आहे का? नसेल, तर ते कुणा परदेशच्या पाहुण्याची वाट पाहण्याजोगे काम नव्हे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, ग्रामसभेत विषय काढा, आणि आळीतली कुत्री मोजून ठेवा. शंभरातली सत्तर.